हँडल खाली, सीट वर

माणिकराव तिमांडे आमचे वर्ध्याच्या नालवाडीतले शेजारी. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडे खिळा ठोकला की आमच्या फळीवरचे डबे हलायचे, आणि त्यांच्या घरात कोणी रुसलं की जेवणाआधी आम्हाला कळायचं. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. पोरांवर ओरडून ओरडून माझा आवाज चढलेला आणि स्वभावही. तेव्हा माणिकरावांबद्दल मी गोड गोड लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. माणूस चांगला होता. पण चांगल्या माणसांनी घरच्यांना जेवढा ताप दिला आहे तेवढा वाईटांनीही दिला नसेल, असं माझं मत आहे.

पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. माणिकराव कुष्ठरोगाचं काम करणाऱ्या एका केंद्रात नोकरीला होते. सायकलवर खेडोपाडी जायचं, घरोघरची माणसं पाहायची, कोणाच्या अंगावर चट्टा दिसला तर त्याची परीक्षा करायची. परीक्षा साधीच. माणसाला डोळे मिटायला सांगायचे, कापसाच्या वातीनं चट्ट्याला हळूच शिवायचं आणि विचारायचं, "कोठी लागलं?" त्याला बोट ठेवता आलं नाही, तर त्या जागेची जाणीव गेली असं धरायचं. मग गोळ्या. त्या गोळ्या तेव्हा नव्यानंच आल्या होत्या. नियमानं घेतल्या तर रोग हटतो, हे लोकांना पटवणं हेच माणिकरावांचं खरं काम.

आणि ते पटवत फार छान. गावात पारावर उभे राहिले की त्यांचा सहा फुटी देह आणखीच उंच वाटायचा. "महारोग म्हंजे पाप नाई, देवाचा कोप नाई. रोग हाय, बस. लपवू नका. घरच्या माणसाले घराबाहीर काढू नका. भेवाचं काई काम नाई." आमच्या नालवाडीतही त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करत. पवनारच्या पलीकडे एका खेड्यात बायजा नावाची म्हातारी होती. तिनं मनगटावरचा चट्टा पाटलीखाली झाकून ठेवला होता. माणिकरावांनी तो हुडकला आणि तिला सगळ्यांदेखत विचारलं, "काऊन लपवलं, माय?" म्हातारीनं पाटली पुन्हा चट्ट्यावर ओढली. घरी येऊन ते शोभाला म्हणाले, "लोकाइले समजतच नाई. रोग अंगात लपवतात अन् मंग रडतात."

शोभा म्हणजे त्यांची बायको. जामकडची. बोलायला थोडकी, पण एकदा बोलली की दोन दिवस पुरेल असं बोलायची. मुलगी छबी नुकती चालायला लागलेली. माणिकराव घरी आले की सायकल टेकवायच्या आधी छबीला खांद्यावर घेत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते त्यावरूनच सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं.

आता सायकल. केंद्राची सायकल आधी एका बुटक्या गृहस्थांकडे होती. तिच्यावर माणिकराव बसले की गुडघे कोपरांना लागायचे. त्या वर्षी त्यांच्याकडे धाम नदीच्या पलीकडची खेडी आली. रस्ता म्हणजे कुठं मुरूम, कुठं खडी, कुठं नुसती बैलगाडीची चाकोरी. गुडघे दुखायला लागले तेव्हा ते नाक्यावरच्या नत्थूकडे गेले. नत्थू हा सायकलवाला. त्यानं एकदा नागपूरला सायकलींची शर्यत पाहिली होती, आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही पटत नव्हतं. तो म्हणाला, "सीट वर घ्या अन् हँडल खाली. मानूस वाकला पाह्यजे. वारा कापत जाते मंग." त्यानं सीट पार वर काढलं. हँडलचा बोल्ट ढिला केला, वर लाकडाचा तुकडा ठेवला आणि हातोड्यानं ठोकून हँडल जाईल तेवढं खाली घातलं.

सीट वर घेणं बरोबर होतं. गुडघे दुखायचे राहिले. त्यामुळे झालं असं, की नत्थूचं सगळंच शास्त्र बरोबर ठरलं. माणिकराव खूश. मागून पाहिलं तर आधी सीट दिसायचं, मग पाठ, आणि डोकं दिसायचंच नाही. आमचे हे कचेरीत जाताना म्हणाले, "सीट अन् हँडल ताजव्याच्या पारड्यांसारखं सारखं पाह्यजे." समोरचे अण्णाजी म्हणाले, "छे, हँडल बैलाच्या शिंगासारखं वर पाह्यजे." अण्णाजींना सायकल येत नव्हती. व्यक्ती तितक्या प्रकृती, पण सायकलच्या बाबतीत व्यक्ती थोड्या आणि मतं जास्त असतात. माणिकरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हँडल खालीच ठेवलं.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका खेड्यात गोळ्या वाटताना त्यांच्या हातून गोळी निसटली. उचलायला गेले तर पुन्हा निसटली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. थंडी असेल म्हणून त्यांनी हात चोळले. शेकोटीवर धरले. घरी येईपर्यंत बोटं तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी बरी वाटली, संध्याकाळी पुन्हा मेली.

हे सगळं त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. पण तेव्हा त्यांच्या मनात काय झालं असेल ते सांगायला नको. करंगळी आणि शेजारचं बोट! हा रोग हाताला धरतो तो बहुधा तिथूनच. कोपराच्या खाचेतली शीर सुजते आणि मग ही दोन बोटं आधी बधिर होतात, पुढं वाकडी होतात. हे त्यांनी शिकून घेतलं होतं, हजार जणांना दाखवलं होतं. दुसऱ्या कोणाची बोटं अशी झाली असती तर त्यानं तेल लावून सोडून दिलं असतं. मन चिंती ते वैरी न चिंती, आणि माणिकरावांच्या मनाला तर केंद्रानं पगार देऊन चिंतायला शिकवलं होतं.

त्यांनी स्वतःची परीक्षा सुरू केली. डोळे मिटून डाव्या हातानं उजव्या करंगळीला वात लावायची. पण लावणारा तोच, सांगणाराही तोच. डोळे मिटून काय उपयोग? लागलं असं वाटे, नाही असंही वाटे. मग कोपराची शीर चाचपायला लागले. इतकी चाचपली की कोपर दुखायला लागलं, आणि दुखतंय म्हणजे सूज आहे असं त्यांनी ठरवलं. खेड्यात गेले की दुसऱ्यांची शीर चाचपून आपल्याशी ताडून पाहत. थोड्याच दिवसांत त्यांना सगळ्या तालुक्याच्या शिरा जाड वाटायला लागल्या. आपली जाड आहे की बारीक, की मधली, काही म्हणता काही कळेना.

अंगावर चट्टा मात्र कुठं सापडत नव्हता. पाठीवर असेल, असं त्यांना वाटे. पाठ दाखवणार कोणाला? शोभाला दाखवली तर ती विचारणार. केंद्रातल्या डॉक्टरांकडे जायला ते चारदा निघाले आणि चारदा दारातून परतले. डॉक्टरांनी 'हो' म्हटलं तर? नोकरीचं सोडा, घरी काय सांगायचं? जो माणूस पारावर उभा राहून गावाला 'लपवू नका' म्हणत होता, तो घरी आला की पहिली गोष्ट हात खिशात घालायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काय उगाच?

घरात मग एकेक सुरू झालं. पहिल्यांदा ताट-वाटी वेगळी काढली. ती ते स्वतःच घासायचे. मग अंथरूण ओट्यावर गेलं. छबी धावत आली की ते मागं सरकायचे, तिला खांद्यावर घेणं बंद. शोभा जवळून गेली तरी अंग चोरायचे. जेवण निम्म्यावर आलं. आणि सगळ्यात नवल म्हणजे पहाटे उठून टकळीवर सूत काढायला बसायचे, तेही डोळे मिटून. त्यांना पाहायचं होतं की बोटांना धागा कळतो का. धागा सारखा तुटायचा. तुटला की मोठा निःश्वास टाकून पुन्हा डोळे मिटायचे.

आता तुम्हीच सांगा, वर्ध्यातल्या माणसानं हे पाहून काय समजावं? दुसऱ्या कुठल्या गावात बायकोनं वैद्य बोलावला असता, नाहीतर मांत्रिक. पण आमच्याकडे त्या दिवसांत चांगले संसारी गृहस्थ बघता बघता ब्रह्मचर्याचं व्रत घेऊन आश्रमाच्या वाटेला लागत होते. आदल्याच वर्षी आमच्या ओळीतले एक कारकून अशीच ताट-वाटी वेगळी करून ओट्यावर निजायला लागले होते. सूत काढू लागले, बायकोला बहीण म्हणू लागले, आणि एक दिवस झोळी घेऊन पदयात्रेला गेले ते गेलेच. त्यांची बायको माहेरी नेर्‍याला भाऊजयीच्या हाताखाली भांडी घासत होती. सगळ्या नालवाडीला ही लक्षणं पाठ होती.

शोभा एका दुपारी माझ्याकडे आली. चहा ठेवला तो तिनं घेतला नाही. म्हणाली, "बाई, त्याईनं व्रत घेतलं."

"तुले सांगतलं त्याईनं?"

"सांगाले कायले पाह्यजे? दिसून नाई राह्यलं? मले शिवत नाईत. पोरीले घेत नाईत. पाहाटी डोये मिटून जप करत राह्यतात." मग ती थांबली आणि म्हणाली, "मी वाईट असती तं मी समजली असती. मायं काय चुकलं, बाई?"

त्या प्रश्नानं माझं डोकं फिरलं. मी मोठ्या त्यागाच्या विरुद्ध नाही. पण ज्या त्यागाचं ओझं दुसरीच्या डोक्यावर पडतं त्याला त्याग म्हणायला माझी जीभ वळत नाही. शोभा घाबरली होती ती एवढ्यासाठीच. नवरा जिवंत असून नाही, आणि कोणाला तक्रारही सांगता येत नाही, कारण तो पडला पुण्यवान!

इकडे नालवाडीत बातमी पसरली. अण्णाजी सकाळी फिरायला जाताना माणिकरावांना पाहून चार हात लांब थांबले आणि दोन्ही हात जोडून खाली वाकले. विहिरीवरच्या बायका ते आले की बाजूला होऊन वाट देऊ लागल्या. नत्थूनं पंक्चरचे पैसे घेतले नाहीत. तिकडे माणिकरावांचा जीव अर्धा झाला. त्यांना वाटलं, झालं, सगळ्यांना कळलं. म्हणून तर लांब उभे राहतात. म्हणून तर नत्थू आपल्या हातचा पैसा घेत नाही. हा गोंधळ दोन्हीकडून सारखाच वाढत होता. गाव ज्यांना मनातल्या मनात पाया पडत होतं ते गृहस्थ आपल्याला वाळीत टाकलं म्हणून ओट्यावर पडून रडत होते.

मी त्यांना गाठलं ते शाळेतून येताना. ते हँडलवर ओणवे होऊन येत होते. मी रस्त्यातच उभी राहिले तेव्हा उतरले.

"माणिकभाऊ, हे काय चालवलं तुमी? घरच्या बाईले एका शब्दानं इचारलं का?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "तुमाले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? साऱ्या वस्तीले ठाऊक झालं."

"शोभाले?"

"तिलेच तं पह्यले समजलं. रडून राह्यली ती."

त्यांनी हँडलवरचा उजवा हात काढून खिशात घातला. मग म्हणाले, "मी जातो बाई इथून. त्या दोघींले मायामुळं तरास नको." मला वाटलं, पाहा, कबूलही करतो वर! मी आणखी दोन शब्द सुनावले आणि घरी आले. खरं सांगायचं तर त्या क्षणी आमच्या दोघांत कोण जास्त बावळट होतं ते मला आजही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच त्यांनी अंथरुणाची वळकटी सायकलच्या कॅरिअरवर बांधली, वर एक पिशवी अडकवली. मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते, म्हणजे निवडायचं नाटक करत होते. शोभा बाहेर आली. पदर खोचलेला. तिनं पुढं होऊन हँडल धरलं. ते इतकं खाली होतं की धरायला तिला वाकावं लागलं.

"कोणत्या आश्रमात चालले?"

"आश्रमात? केंद्रात जातो. मागं एक खोली हाय, तिथी राहीन."

"अन् व्रत किती सालाचं हाय?"

"कोणतं व्रत?"

"मले काय येडी समजता? ताट येगळं, अंथरून येगळं, पोरीले हात लावत नाई. सारी वस्ती तुमाले पाया पडून राह्यली, अन् मलेच इचारता कोणतं व्रत?"

माणिकराव तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे. त्यांच्या तोंडावर जो गोंधळ दिसला तसा मी पाढे विसरलेल्या पोरांच्या तोंडावरही पाहिलेला नाही. हळूहळू त्यांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि तिच्यापासून लांब धरला.

"अवं, व्रत कायचं? मले रोग झाला. ही दोन बोटं मेली. मले महारोग झाला शोभा."

मी तांदूळ तसेच ठेवून उभी राहिले. शोभानं हँडल सोडलं नाही. तिचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. मला वाटलं, ही आता किंचाळणार. तिनं मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच काय म्हणतं? आयकलं का तू? महारोग!"

"आयकलं. रोगाले गोळ्या हायत ना? तुमीच गावोगाव सांगत फिरता. व्रताले कोणती गोळी हाय?"

तिनं वळकटी सोडली, घरात नेऊन टाकली, छबीला माझ्या कडेवर दिलं आणि कॅरिअरवर जाऊन बसली. "चला डाक्टरकडे," म्हणाली. ते म्हणाले, आज सुट्टी आहे. ती म्हणाली, मग घरी जाऊ त्यांच्या. नवरा-बायको निघाले. सगळी वस्ती दारात आली होती. व्रतस्थ माणूस बायकोला मागं बसवून भर रस्त्यानं चाललेला पाहून अण्णाजींचे जोडलेले हात तसेच अर्ध्यावर राहिले.

डॉक्टरांकडे काय झालं ते शोभानं सांगितलं. डॉक्टर वयस्क होते, आणि 'पाहू' हा त्यांचा आवडता शब्द होता. त्यांनी माणिकरावांना उघडं करून पाठ, पोट, मांड्या सगळं पाहिलं. चट्टा नाही. कोपराची शीर चाचपली. "तुम्हीच ती दाबून दाबून सुजवली आहे, आता मला काय कळणार?" म्हणाले. वात लावून पाहिली. करंगळीला कधी कळे, कधी न कळे. एकदा तर वात लावायच्या आधीच माणिकराव "करंगळी" म्हणाले. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि स्वच्छ सांगितलं, "मला सांगता येत नाही. रोग असेल, नसेलही. चट्टा नसताना नुसत्या शिरेचाही असतो." मग त्यांनी तळहात उलटा केला. करंगळीच्या बाजूला, मनगटाजवळ, कातडी जाड होऊन घट्टा पडला होता. "हा कशाचा? कुदळ मारता?"

"नाई साहेब. सायकल चालवतो फक्त."

तेव्हा शोभा बोलली. "डाक्टरसाहेब, हे सायकल पायानं चालवतच नाईत. हातानं चालवतेत. मी मागं बसली होती ना, सारं अंग हातावर टाकून चालले होते. खडी आली की मायाच हाताले मुंग्या आल्यावानी वाटे."

डॉक्टर उठून बाहेर आले. सायकलकडे पाहिलं. सीट वर, हँडल चांगलं वीतभर खाली. त्यांनी स्वतः वाकून दोन्ही तळहात मुठींवर टेकले, भार दिला आणि थोडा वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "हीच शीर कोपरातून करंगळीला जाते. रोगही हिलाच धरतो, आणि तळहात इथं दाबत राहिला तरी हीच चेपते. हँडल वर करून घ्या. पाहू. जाणीव परतली तर दोष हँडलचा. नाही परतली तर गोळ्या सुरू करू. आणि तोवर घरात निजा, पोरीला घ्या. हे मी तुम्हाला सांगायचं का?"

नत्थूनं तोंड वाकडं केलं. "आता ही सायकल नाई राह्यली, छकडा झाला," म्हणाला. हँडलची दांडी आत गंजून बसली होती. रॉकेल ओतलं, ठोकलं, दोघांनी मिळून पिळलं, तेव्हा कुठं हलली. माणिकराव म्हणाले, काढ आणखी वर. नत्थू म्हणाला, "लय वर काढली तं खड्ड्यात मोडून हातात येईन. दांडी आत राह्यली पाह्यजे." तरी निघेल तेवढी वर काढली. आता हँडल सीटच्या इतकं वर गेलं की माणिकराव म्हशीवर बसल्यासारखे ताठ बसून जायचे, कोपरं बाहेर आणि छाती पुढं. पोरं मागं धावायची. पण हातावर भार नाही.

म्हणून सुटले का? छे. आता कंबर धरली, बसायची जागा सोलली, आणि समोरून वारा आला की सायकल पुढंच जाईना. त्यांनी हँडल थोडं खाली घेतलं. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या, म्हणून पुन्हा वर घेतलं. मग सीट पुढं सरकवलं, मग मागं. मुंग्या कमी होण्याऐवजी वाढल्या. रात्रंदिवस झिणझिण्या. बधिर होतं तेव्हा निदान स्वस्थ तरी होतं, असं म्हणायला लागले. बरं होतंय की वाढतंय? हँडलनं वाढतंय की हँडल असूनही? डॉक्टर चिडले. "रोज नवीन उंची ठेवलीत तर कशानं काय झालं कळणार कसं? एक ठरवा आणि तीच ठेवा." शेवटी सीटच्या दोन बोटं वर, असं ठरलं. आमच्या ह्यांनी म्हटलं, मी सांगितलंच होतं. अण्णाजी म्हणाले, मीच सांगितलं होतं.

त्या दिवसांत शोभाकडे पाहून मला अचंबा वाटायचा. तिनं त्यांचं अंथरूण आत नेलं ते नेलंच. वेगळं ताट उचलून फळीवर ठेवलं. छबीला रोज संध्याकाळी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवायची. ते अवघडून बसायचे, हात वर धरून. ती म्हणायची, "पडन ना ते, धरा." तिच्या चेहऱ्यावर कधी भीतीची रेघ दिसली नाही. मी एकदा विचारलं, "तुले भेव नाई वाटत?" ती म्हणाली, "भेवाचं काई काम नाई, बाई," आणि पीठ चाळायला लागली. मी मनात म्हटलं, ही नवऱ्यापेक्षा चांगलं व्याख्यान देईल.

होळी जवळ आली होती. एका रविवारी दुपारी माणिकराव अंगणात सायकल उलटी करून बसले होते. चाकात बाभळीचा काटा गेला होता. ट्यूब काढून त्यांनी टायर मांडीवर घेतला आणि काटा कुठं रुतलाय ते पाहायला आतून बोटं फिरवायला लागले. डोळे टायरवर नव्हतेच, छबी मातीत काय खाते त्याच्यावर होते.

"आई गं!"

ओरडणं एवढं मोठं होतं की मी भिंतीपलीकडून धावत आले. ते टायर फेकून उभे होते. उजव्या करंगळीच्या टोकातून रक्ताचा थेंब फुगून खाली आला, मग दुसरा. ते त्याच्याकडे डोळे फाडून पाहत होते. मग टायर पुन्हा उचलला, तो काटा शोधला आणि मुद्दाम शेजारच्या बोटाला टोचला. "आई गं," पुन्हा म्हणाले, पण आता हसत.

शोभा दारात येऊन उभी राहिली.

"टोचलं," ते म्हणाले. "शोभा, टोचलं! करंगळीले! न पाहता टोचलं!"

मला वाटलं, ती हसेल, निदान देवाला हात जोडील. ती तिथंच उंबऱ्यावर बसली. तोंडात पदर कोंबला, तरी आवाज फुटलाच. डॉक्टरांकडे गेल्या दिवसापासून जिच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही ती बाई अंग हलेपर्यंत रडायला लागली. छबी घाबरून तिच्याकडे गेली.

माणिकराव गोंधळले. "अवं, बरं झालं मी! काऊन रडतं? तूच म्हणे ना, रोगाले गोळ्या हायत, भेवाचं काई काम नाई…"

"मंग काय म्हणणार होती मी?" ती एकदम उसळून म्हणाली. "तुमी पळूनच चालले होते. मीबी भेली असती तं तुमाले धरलं असतं कोनं? रोज तुमी झोपले की मी पोरीचं अंग पाहत होती दिव्यापाशी. रोज."

माणिकराव रक्ताळलेला हात तसाच पुढं धरून तिच्यासमोर उभे राहिले. तिनं डोळे न पुसताच तो हात ओढला आणि त्या करंगळीभोवती पदर घट्ट गुंडाळून धरला. मी छबीला उचललं आणि माझ्या घरी घेऊन आले.